आठशे माणसं आणि एक झेंडा: अमेरिकी यादवी युद्धातली २६वी नॉर्थ कॅरोलायना पलटण

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एक अवाढव्य लष्करी तळ आहे, फोर्ट ब्रॅग. २०२३ मध्ये त्याचं नाव बदलून फोर्ट लिबर्टी केलं आणि २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट ब्रॅग केलं. मूळ नाव ज्या ब्रॅक्स्टन ब्रॅगचं होतं, तो सेनापती १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेच्याच सरकारविरुद्ध लढला होता. म्हणून नाव परत आणताना सांगण्यात आलं की हा ब्रॅग वेगळा, दुसऱ्या महायुद्धातला रोलंड ब्रॅग नावाचा शिपाई. त्याच राज्यात राजधानी रालीच्या कॅपिटॉलसमोर १८९५ पासून उभं असलेलं बंडखोर सैनिकांचं स्मारक जून २०२० मध्ये उतरवलं गेलं. आज राली, केरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथे नुकत्याच गेलेल्या माणसाला हा वाद कोड्यासारखा वाटतो. दीडशे वर्षांपूर्वी हरलेल्या फौजेवरून लोक आजही इतके का पेटतात?

याचं उत्तर शोधताना सेनापतींपासून सुरुवात करू नये, असं मला वाटतं. सेनापतीचा पुतळा होतो आणि पुतळ्याभोवती घोषणा होतात. त्यापेक्षा एकच पलटण घ्यावी आणि तिच्या मागे चार वर्षं चालत जावं. मी घेतली आहे ती याच राज्यातली २६वी पायदळ पलटण.

आधी चार शब्द

अमेरिकेच्या दक्षिणेतली ११ राज्यं १८६०-६१ मध्ये देशातून फुटली आणि त्यांनी आपला वेगळा संघ काढला. तो कॉन्फेडरसी. उरलेल्या देशाची बाजू म्हणजे युनियन. इंग्रजीतल्या रेजिमेंटला मी इथे पलटण म्हणतो. कागदोपत्री पलटणीत हजारभर माणसं, शंभर-शंभरांच्या दहा कंपन्या, आणि वर एक कर्नल. चार-पाच पलटणी मिळून ब्रिगेड. एवढं पुरे.

आपल्याकडे पलटण म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्री आठवते, म्हणजे पिढ्यानपिढ्या चालणारी, स्वतःची परंपरा असलेली. २६वी तशी नव्हती. ती ऑगस्ट १८६१ मध्ये रालीजवळच्या छावणीत उभी राहिली आणि एप्रिल १८६५ मध्ये संपली. चार वर्षंही पुरी भरली नाहीत.

एका गावची कंपनी

या पलटणीची खरी गोम तिच्या बांधणीत आहे. प्रत्येक कंपनी एकेका काउंटीतून, म्हणजे आपल्या तालुक्याएवढ्या भागातून आली होती. ॲश, विल्क्स आणि कॉल्डवेल डोंगराळ भागातल्या, चॅथम आणि मूर मधल्या पट्ट्यातल्या, युनियन (हे इथे काउंटीचं नाव, युद्धातली बाजू नव्हे) आणि ॲन्सन दक्षिण सीमेवरच्या. कॉल्डवेलच्या पोरांनी तिथल्या डोंगरावरून आपल्या कंपनीचं नाव ‘हिब्रिटन गार्ड्स’ ठेवलं, ॲन्सनवाल्यांनी आपल्या नदीवरून ‘पी डी वाइल्ड कॅट्स’.

म्हणजे रांगेत शेजारी उभा असलेला माणूस अनोळखी नसायचा. तो चुलतभाऊ असायचा, शेताच्या बांधाला लागून शेत असलेला, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. अधिकारीसुद्धा बऱ्याच अंशी शिपाईच मतदानानं निवडत. असा माणूस पळून जात नाही, कारण त्याची बातमी आठवड्यात घरी पोचते. पण याची दुसरी बाजू भयंकर आहे. एका गावची सगळी तरणी पोरं एकाच जीपमध्ये बसून लग्नाला निघाली आणि जीप दरीत गेली, तर त्या गावाचं काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. या युद्धात तशी जीप पुन्हा पुन्हा दरीत जात होती.

गोळीच्या आधी गोवर

पलटणीचे पहिले महिने समुद्रकाठी बोग बँक्स या वाळूच्या बेटावर गेले. लढाई नव्हती, तरी माणसं मरत होती. कारण गोवर. दाट वस्तीच्या शहरात वाढलेल्या मुलाला गोवर लहानपणीच होऊन जातो. डोंगरातल्या एकेकट्या वाडीवर वाढलेल्या पोराला तो झालेलाच नसतो. अशी शेकडो पोरं एका छावणीत आली की साथ वणव्यासारखी पसरते, आणि मागून न्यूमोनिया आणि जुलाब येतात. या संपूर्ण युद्धात बंदुकीपेक्षा आजारानं जास्त सैनिक गेले. युद्धाच्या चित्रांत तलवारी आणि घोडे दिसतात, खाटेवर तापानं फणफणलेलं अठरा वर्षांचं पोर दिसत नाही. पलटणीचा इतिहास खरं तर त्या खाटेपासून सुरू होतो.

पहिली लढाई १४ मार्च १८६२ ला न्यू बर्न या बंदरगावाजवळ झाली. कित्येक तास पलटणीनं आपली बाजू धरून ठेवली, पण शेजारची फळी फुटली आणि मागे नदीवरचा पूल आपल्याच लोकांनी जाळून टाकलेला. आता वाट होती ती ब्राइसेस क्रीक ओलांडून, आणि तो ओढा पावसानं फुगलेला. पलटणीचा पहिला कर्नल झेब्युलॉन व्हान्स यानं घोडा पाण्यात घातला आणि बुडता बुडता वाचला. मिळेल त्या होडक्यातून थोडी थोडी माणसं पलीकडे नेण्याचं काम मागे राहून उरकलं ते त्याच्या हाताखालच्या वीस वर्षांच्या अधिकाऱ्यानं, हेन्री बर्गविननं. कवायतीच्या जाचामुळे तोवर शिपायांना तो डोळ्यासमोर नको असायचा. त्या संध्याकाळनंतर तसं उरलं नाही.

व्हान्स हा माणूसही नीट बघण्यासारखा आहे. फुटून निघायला त्याचा विरोध होता. फेब्रुवारी १८६१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदारांनी फुटण्यासाठी अधिवेशन भरवायलाच निसटत्या बहुमतानं नकार दिला होता. पण एप्रिलमध्ये लिंकननं बंड मोडायला राज्याराज्यांकडून फौज मागितली आणि वारं फिरलं. व्हान्सनं गणवेश चढवला, राज्य २० मे १८६१ ला बाहेर पडलं आणि पुढच्याच वर्षी व्हान्स राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. पलटण बर्गविनच्या हाती आली. वरच्या ब्रिगेड-सेनापतीला एवढा कोवळा कर्नल नको होता, तेव्हा अख्खी पलटणच दुसऱ्या ब्रिगेडमध्ये, जॉन्स्टन पेटिग्रूकडे गेली. त्याच सुमारास मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या सेलम गावातली पितळी वाद्यांची एक मंडळी पलटणीचा बँड म्हणून सामील झाली होती. लढाई जुंपली की हेच वादक जखमी उचलायचे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभे राहायचे.

सगळे मनापासून आले होते का?

नाही. एप्रिल १८६२ मध्ये कॉन्फेडरसीनं सक्तीच्या भरतीचा कायदा केला. १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांना सैन्यात जाणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती आली: ज्याच्याकडे २० किंवा जास्त गुलाम आहेत, त्या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाला सूट. डोंगरातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट किती झोंबली असेल, ते समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. घरी बायको एकटी नांगर धरते आहे, शिपायाचा पगार महिना ११ डॉलर, आणि महागाई रोज वाढते आहे. मार्च १८६३ मध्ये याच राज्यातल्या सॉल्सबरी गावात सैनिकांच्या बायकांनी व्यापाऱ्यांची गोदामं फोडून पीठ नेलं.

२६व्या पलटणीतच याचं एक नमुनेदार उदाहरण आहे. कॉल्डवेलच्या एफ कंपनीत मार्च १८६२ मध्ये कीथ ब्लेलॉक आणि त्याचा धाकटा भाऊ सॅम भरती झाले. कीथ मनानं युनियनचा होता. संधी मिळाली की पलीकडे निसटायचं, हा बेत. संधी येईना, तेव्हा त्यानं अंगाला खाजऱ्या विषारी झुडपाचा पाला चोळला, अंगभर फोड आणले आणि आजारी म्हणून सुटका करून घेतली. मग सॅम वरिष्ठांपुढे गेला आणि सांगितलं की मी पुरुष नाही, मी मलिंडा, कीथची बायको. तिचंही नाव कमी झालं. पुढे दोघंही डोंगरात युनियनच्या बाजूनं छापे घालत लढले.

झेंडा कशाला लागतो?

गेटिसबर्गकडे वळण्याआधी हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची सगळी हकिगत वेडेपणाची वाटेल.

त्या काळची बंदूक तोंडातून ठासायची. सराईत शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. अशा बंदुकांचा मारा परिणामकारक व्हायचा तर माणसं दोन रांगांत, खांद्याला खांदा लावून उभी राहून एकदम झाडायची. काळ्या दारूचा धूर असा की दोन-चार फैरींनंतर दहा पावलांवरचं दिसेना. आवाजात हुकूम ऐकू येईना. मग रांग सरळ कशी ठेवायची, पुढे जायचं की मागे हे कळायचं कसं?

आषाढीच्या वारीत लाखांच्या गर्दीत आपली दिंडी कशी सापडते? पताका बघून. पताका पुढे गेली की आपण पुढे, थांबली की आपण थांबायचं. पलटणीच्या झेंड्याचं काम नेमकं हेच होतं. तो मधोमध असायचा आणि सगळी रांग त्याच्यावर नजर ठेवून चालायची. झेंडा पडला तर पलटण आंधळी होते. समोरच्यालाही हे माहीत असतं, म्हणून त्याचा पहिला नेम झेंड्यावर. झेंडा उचलणं म्हणजे मरण उचलणं, आणि तरी कुणीतरी तो उचलणं भागच.

१ जुलै १८६३

जून १८६३ मध्ये कॉन्फेडरसीचा सेनापती ली आपली फौज घेऊन उत्तरेत, पेनसिल्व्हेनियात शिरला. १ जुलैला दुपारी गेटिसबर्ग गावाच्या पश्चिमेला २६वी पलटण आठशेहून जास्त माणसांनिशी एका शेताच्या कडेला उभी होती. पुढे विलोबी रन नावाचा ओढा, काठाला काटेरी झुडपं. पलीकडे चढावर झाडी, आणि झाडीत २४वी मिशिगन, ४९६ माणसं. ही पलटण युनियनच्या ‘आयर्न ब्रिगेड’मधली, म्हणजे लोखंडी म्हणून नावाजलेल्या तुकडीतली.

ओढ्याच्या झुडपांत रांग दाटली आणि तिथेच माणसं धडाधड पडायला लागली. झेंडा धरणारा पडला. दुसऱ्यानं उचलला, तोही पडला. ब्रिगेडच्या कचेरीतला कॅप्टन मॅक्रीरी पुढे झाला, त्यानं झेंडा हलवला आणि छातीत गोळी लागून त्याच्यावरच कोसळला. त्याच्या अंगाखालून झेंडा ओढून काढावा लागला, आणि तो काढणारा लेफ्टनंटही जखमी होऊन पडला. मग कर्नल बर्गविननं स्वतः हात घातला. बी कंपनीतला फ्रँकलिन हनीकट नावाचा शिपाई झेंडा घ्यायला पुढे आला. त्याच्याकडे तो देण्यासाठी कर्नल वळला आणि गोळी त्याच्या कुशीतून आरपार गेली. हनीकटही लगेच गेला, डोक्यात गोळी लागून.

आता हुद्द्यानं दुसरा उरला होता लेफ्टनंट कर्नल जॉन लेन, चॅथमचा शेतकरी. जो झेंडा उचलतो तो मरतो, असं एका अधिकाऱ्यानं त्याला बजावलं. लेन म्हणाला, आता पाळी माझी. झेंडा घेऊन तो पुढे धावला, उरलेली रांग त्याच्यामागे गेली, आणि अगदी शेवटी, मिशिगनवाले टेकडी सोडत असताना, मान मागे वळवलेल्या लेनच्या मानेत गोळी शिरली आणि जबड्यातून बाहेर पडली. झेंडा त्या दुपारी १४ वेळा पडला.

अधिकृत नोंदीप्रमाणे गेटिसबर्गमध्ये २६व्या पलटणीचे ८६ ठार आणि ५०२ जखमी, एकूण ५८८. बेपत्ता आणि कैद झालेले यात धरलेले नाहीत. यातले बरेचसे या एका दुपारचे. हिब्रिटन गार्ड्समध्ये ३ अधिकारी आणि ८८ शिपाई होते. लढाईच्या तीन दिवसांत त्यातलं कुणीही धड उरलं नाही, असं कंपनीच्या हकिगतीत येतं. समोरच्या २४व्या मिशिगननं ४९६ पैकी ३६३ गमावले. दोन्ही बाजू मिळून शेकडो माणसं, एका रानाच्या तुकड्यासाठी.

दोन दिवसांनी, ३ जुलैला, पलटणीत जे उरले होते त्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. पिकेटचा हल्ला म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या चढाईत साडेबारा-तेरा हजार माणसं उघड्या मैदानातून चालत गेली. पेटिग्रूची ब्रिगेड त्यात होती. परतताना मैदानात आणखी शंभराच्या आसपास राहिले.

बर्गविन त्या रात्री मेला. वय २१. बंदुकांच्या पेटीत घालून त्याला एका अक्रोडाच्या झाडाखाली पुरलं. १८६७ मध्ये देह रालीच्या ओकवुड दफनभूमीत आणला.

पुढचं लवकर सांगतो, कारण पलटण सावरली तरी ती तीच राहिली नाही. नवी भरती झाली, बरे झालेले जखमी परत आले, तोंडात भोक पडलेला लेनही परत आला आणि कर्नल झाला. ब्रिस्टो स्टेशन, विल्डरनेस, कोल्ड हार्बर, रीम्स स्टेशन, आणि मग पीटर्सबर्गच्या खंदकांत चिखल आणि उपासमारीचे महिने. ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला लीनं शरणागती पत्करली तेव्हा २६व्या पलटणीतून बंदुका ठेवायला सुमारे १३० माणसं होती.

‘पण हे गरीब शेतकरी थोडेच गुलामांचे मालक होते?’

हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. बहुतेक शिपायांकडे एकही गुलाम नव्हता. पण पलटण कशासाठी लढते हे शिपायाच्या घरात काय आहे त्यावरून ठरत नाही, ते तिला उभं करणारं सरकार ठरवतं. कॉन्फेडरसीच्या १८६१ च्या राज्यघटनेत कलमच होतं की काळ्या गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा येईल असा कायदा करता येणार नाही. तिच्या उपाध्यक्षानं, अलेक्झांडर स्टीफन्सनं, त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर भाषणात सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि हाच आमच्या सरकारचा कोनशिलेचा दगड आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या सुमारे ९ लाख ९२ हजार लोकसंख्येत १८६० साली ३ लाख ३१ हजार गुलाम होते. तीन माणसांमागे एक. बर्गविनचं कुटुंब मोठ्या मळ्याचं मालक होतं.

‘ते आपलं घर राखत होते’

न्यू बर्नला, हो, तसं म्हणता येईल. पण गेटिसबर्ग नॉर्थ कॅरोलायनात नाही. आणि लीची फौज त्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा तिच्या तुकड्यांनी तिथली काळी माणसं धरून दक्षिणेला पाठवली. त्यात जन्मापासून स्वतंत्र असलेलीही होती. यावर नेमकं बोट ठेवलं की ‘घर’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

शिवाय घर कुणाचं? मार्च १८६२ मध्ये पलटणीनं न्यू बर्न सोडलं आणि युनियनची फौज आत आली, तेव्हा आसपासच्या मळ्यांवरून हजारो गुलाम त्या गावाकडे चालत आले. १८६३ मध्ये तिथेच काळ्या सैनिकांची एक पलटण उभी राहिली, पुढे जिला युनियनच्या फौजेत ३५वा क्रमांक मिळाला. तेही नॉर्थ कॅरोलायनाचेच. ज्या गावाची हार म्हणून एका पलटणीनं नोंद केली, त्याच गावात दुसऱ्यांचं स्वातंत्र्य सुरू झालं. रालीच्या स्मारकावर सव्वाशे वर्षं फक्त पहिल्या बाजूचं नाव होतं. वाद पेटतो तो इथे. लेनच्या धैर्यावर कुणी शंका घेत नाही. प्रश्न असा आहे की राज्याच्या दारात, सगळ्यांच्या पैशानं, कुणाचं दुःख दगडात कोरायचं.

‘आपल्याला काय त्याचं?’

आपला संबंध दोन ठिकाणी अगदी थेट येतो. पहिला पैशाचा. युनियनच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस विकून मुंबईत पैसा लोटला, कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा चढला. एप्रिल १८६५ मध्ये लढाई संपली, भाव कोसळले आणि जुलैत मुंबईचा बाजार बुडाला. ॲपोमॅटॉक्सला त्या १३० जणांनी बंदुका ठेवल्या, त्याचा धक्का मुंबईच्या पेढ्यांपर्यंत पोचला.

दुसरा संबंध विचारांचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून, युद्ध संपून आठच वर्षं झालेली असताना, त्यांना या लढाईचा अर्थ स्वच्छ दिसत होता.

‘पण पुढे दोघांनी हात मिळवले ना?’

मिळवले. जुलै १९०३ मध्ये गेटिसबर्गच्या चाळिसाव्या वर्षी म्हातारा जॉन लेन तिथे गेला आणि २४व्या मिशिगनच्या चार्ल्स मॅक्कॉनेलला भेटला. लेनच्या मानेत गोळी घातली होती ती याच माणसानं, झाडाला बंदूक टेकवून नेम धरून. दोघे लोकांसमोर एकमेकांचा हात धरून उभे राहिले. ती भेट खरी होती आणि मला ती वाचताना दरवेळी गलबलून येतं.

पण त्या भेटीआधी तीनच वर्षं, ऑगस्ट १९०० मध्ये, नॉर्थ कॅरोलायनानं घटनादुरुस्ती करून बहुतेक काळ्या नागरिकांचा मतदानाचा हक्क काढून घेतला होता. दोन म्हाताऱ्या गोऱ्या सैनिकांचा समेट झाला, आणि ज्यांच्यावरून युद्ध झालं ते मंडपाच्या बाहेर राहिले.

आणि गेटिसबर्गच्या त्या मोहिमेत पलटणीबरोबर किन्सियन नावाचा एक माणूस होता. तो बर्गविनचा गुलाम, त्याच्या चाकरीसाठी घरून आणलेला. पेनसिल्व्हेनियात गुलामगिरी नव्हती. मालक मेल्यावर त्याचे घोडे आणि चीजवस्तू सांभाळत किन्सियन शेकडो मैल मागे, नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्गविनच्या घरच्या मळ्याकडे गेला. त्या मळ्याच्या मालमत्तेत घोड्यांबरोबर तो स्वतःही मोजला जात होता. ५८८ च्या यादीत त्याचा उल्लेख नाही.